विहिरीला पायऱ्या किती?

मनीषाचा फोन आला तेव्हा आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं होतं. आठव्या दिवशी आलेलं पाणी. मी अंगणात पाइप धरून उभा होतो आणि बायकोनं फोन आणून माझ्या कानाला लावला. "काका, बाबा गेले. पहाटे गेले," एवढंच ती म्हणाली आणि मी "येतो" म्हणालो. पण लगेच निघालो नाही. दोन्ही ड्रम भरले, पाइप हौदात सोडला, पाणी जाईपर्यंत थांबलो, आणि मग सदरा बदलून मुकुंदवाडीची रिक्षा धरली. सांगायला बरं वाटत नाही, पण घडलं ते असं. रिक्षा जालना रोडला लागली तेव्हा मनात आलं, उत्तमरावांना हे कळलं असतं तर म्हणाले असते, भरून या मास्तर, मी कुठं पळून चाललोय... आणि मग मला रडू आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी होती. जुने हौशी रंगकर्मी आणि निवृत्त कामगार उत्तम धोंडीबा कोळेकर यांचं वयाच्या बहात्तराव्या वर्षी निधन, मागे पत्नी, मुलगी, जावई, नातवंडं. जन्मभर मराठीचा मास्तर असल्यामुळे हातात लाल पेन नसलं तरी मी छापील मजकुरातल्या चुका शोधतो. त्या चार ओळींत दोन चुका होत्या. एक वयाची आणि एक नावाची. पेपरवाल्यांचा त्यात काही दोष नाही, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी छापलं. त्या दोन चुका दुरुस्त कराव्यात म्हणून हा लेख. लिहू का, असं त्यांच्या पत्नीला, सुमनवहिनींना, मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्या जरा चिडल्याच. म्हणाल्या, "लिवा. कंपनीच्या जागी आता गोदाम झालंय. विचारायला कोण यायचंय?"

आमची ओळख नाटकामुळे झाली. शहागंजात आमचं तीन पिढ्यांचं घर. घरात दखनी, शाळेत मराठी, आणि नगरपालिकेच्या शाळेत मी मराठीच शिकवायचो. गॅदरिंगसाठी मुलांची छोटी नाटकं लिहायचो. चिकलठाण्याच्या एका कंपनीतल्या कामगारांनी नाटकाचा ग्रुप काढला होता, त्यांना लेखक हवा होता. शहागंजात एक शेख मास्तर आहे आणि तो शुद्ध मराठीत नाटकं लिहितो, असं कुणीतरी सांगितल्यावर ते पाचसहा जण खास मला बघायलाच आले असावेत. त्यांच्यात सर्वांत मागे उभा राहिलेला, उंच, खांद्यातून किंचित वाकलेला माणूस म्हणजे उत्तमराव. कंपनीच्या पेंट शॉपमध्ये होते. बाकीचे चहा पिऊन निघाले तरी हे थांबले आणि म्हणाले, "मास्तर, मला वाचून दाखवावं लागतं बरं का. डोळ्यानं वाचलेलं माझ्या अंगात उतरत नाय." नटाची काहीतरी पद्धत असेल असं मला वाटलं. पुढे दहा-बारा वर्षं मी त्यांना प्रत्येक नाटक मोठ्यानं वाचून दाखवलं. तिसऱ्या वाचनाला त्यांचं पाठ झालेलं असायचं, स्वतःचंही आणि समोरच्याचंही.

ज्या नाटकाबद्दल मला सांगायचं आहे ते एका चिनी माणसाचं होतं. रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका जुन्या मासिकात मी एक लेख वाचला होता आणि शहागंजच्या घड्याळाजवळ चहा पिताना सहज उत्तमरावांना त्यातली हकिकत सांगितली. अमेरिकेनं एके काळी चिनी मजुरांना यायला बंदी घातली होती. पण तिथल्या नागरिकाचा मुलगा असेल तर त्याला अडवता येत नसे. मग तिकडे राहणारे चिनी लोक कागदावर जास्तीचे मुलगे दाखवायचे आणि गावाकडची दुसरीच पोरं त्या नावानं बोटीत बसायची. साहेबांना हे ठाऊक होतं. म्हणून किनाऱ्याजवळच्या एका बेटावर या पोरांना आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवायचे आणि प्रश्न विचारायचे. तुझ्या घराचं तोंड कुठल्या दिशेला? तुमच्या आळीत तिसरं घर कुणाचं? तांदळाची कणगी कुठे ठेवता? विहिरीला पायऱ्या किती? तेच प्रश्न कागदावरच्या बापालाही विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत की पोराला परतीची बोट. म्हणून ही पोरं बोटीवर उत्तरांची वही पाठ करायची आणि बेट दिसू लागलं की वही समुद्रात फेकून द्यायची.

एवढं सांगून मी बिडी पेटवली. उत्तमरावांनी चहा बशीत ओतलेला होता तो तसाच राहिला. पुन्हा सांगा म्हणाले. पुन्हा सांगितलं. मग विचारलं, "आन् मंग त्यानं खरं नाव कुणाला सांगितलं?" मी म्हणालो, लेखात तसं काही नाही. उठताना म्हणाले, "लेखात नसंल तर आपण लिवू. ह्याचं नाटक करा मास्तर. तो चिनी मी होतो."

ग्रुपमधले बाकीचे हसले. शिवाजी, संभाजी सोडून चिनी माणूस कोण बघणार, असा त्यांचा सरळ सवाल होता. कुणी डोळे बारीक करून दाखवले. उत्तमराव वाद घालत नसत, पण या वेळी अडून बसले. मी 'बेटावरचे प्रश्न' लिहून काढलं. दोनच मुख्य पात्रं. एक चान नावाचा तरुण, जो वोंग या नावाच्या कागदांवर अमेरिकेत शिरू पाहतो. दुसरा चौकशी करणारा साहेब. साहेबाच्या भूमिकेला कोणी तयार होईना, कारण त्यात टाळ्यांचं वाक्य नव्हतं. शेवटी ती माझ्याच गळ्यात पडली. माझ्या मेहुण्याच्या निकाहातला कोट मला साहेबाचा म्हणून चालला.

तालमी कामगार वसाहतीतल्या समाजमंदिरात, दुसरी पाळी नसेल त्या संध्याकाळी. मी लिहिलेल्या संहितेत साहेबाचे दहा प्रश्न होते. चौथ्या तालमीला उत्तमराव म्हणाले की असं चालायचं नाही. प्रश्न ठाऊक असतील तर भीती कशी येणार? मग त्यांनीच पद्धत ठरवली. त्यांनी शंभर पानी वही आणली आणि त्या चिनी पोराच्या गावाची सगळी माहिती तिच्यात लिहून काढली. साहेबानं त्यातलं काहीही, कुठल्याही क्रमानं विचारायचं. अट एकच, चाननं थांबायचं नाही. थांबला तर साहेबानं 'परत'चा शिक्का मारायचा आणि नाटक तिथंच संपवायचं. न थांबता निभावलं तर 'प्रवेश'. म्हणजे नाटकाला दोन शेवट, आणि कुठला होणार ते आम्हालाही माहीत नाही. मी शहागंजातून लाकडी मुठीचे दोन रबरी शिक्के करून आणले. तालमीत दोनदा 'परत' झाला. दोन्ही वेळा उत्तमराव खरोखर घाम पुसत बाहेर गेले आणि पायरीवर बसून राहिले.

ती वही मी तपासली. शिक्षकाची सवय. अक्षर मोठं, ठसठशीत, पत्र्याच्या पाटीवर रंगानं काढावं तसं, आणि एकेका ओळीला पाच मिनिटं लागली असतील असं दिसत होतं. दहावी पास म्हणून कंपनीत लागलेल्या माणसाचं हे अक्षर नाही, असं तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं आणि मी ते सोडून दिलं. मला आक्षेप होता तो मजकुरावर. घराचं तोंड उगवतीला. घरामागं मेंढरांचा वाडा, वाड्याला बाभळीच्या काट्याचं कुंपण. आळीत तिसरं घर लोहाराचं. चिंचा दोन, एक वांझ. विहिरीला पायऱ्या सव्वीस, शेवटची तुटलेली. मी म्हणालो, उत्तमराव, चीनमध्ये चिंच असते का? ते म्हणाले, "तुमी गेलते का?" मी गेलो नव्हतो. चिंचा राहिल्या. वहीतल्या पहिल्याच ओळीत 'नाव काय?' असा प्रश्न होता आणि पुढची जागा कोरी होती. ती का सोडली विचारलं तर म्हणाले, "त्यो एक प्रश्न तालमीत इचारू नका. त्याचं उत्तर मला हाय पाठ."

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह अर्धंअधिक भरलं होतं. कामगारांची स्पर्धा, त्यामुळे प्रेक्षकही तसेच, घरच्या डब्यासकट आलेले. पहिल्या रांगेत सुमनवहिनी मनीषाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मनीषा तेव्हा बालवाडीत होती. उत्तमराव त्या दिवशी फार सुंदर करत होते. मी पायऱ्या विचारल्या, चिंचा विचारल्या, लोहाराच्या बायकोचं नाव विचारलं. प्रश्नाचा शेवट खाली पडायच्या आत त्यांचं उत्तर येत होतं. मग माझ्या डोक्यात आलं, याला एक वहीबाहेरचा विचारू. खोडच म्हणा. वहीत लिहिलं होतं, 'थोरला भाऊ एक, वारला.' मी साहेबाच्या आवाजात विचारलं, "थोरला भाऊ वारला तेव्हा तुझी आई किती दिवस रडली?"

उत्तमराव थांबले.

माझ्या उजव्या हाताशी दोन्ही शिक्के होते. नियम त्यांचाच होता. मी 'परत'च्या शिक्क्यावर हात ठेवला. आणि ते बोलले, पण माझ्या संहितेतल्या भाषेत नाही. "एकबी दिवस नाय साहेब. तिला रडू दिलं नाय. थोरला गेला असं म्हणायचंच नव्हतं. धाकटा गेला म्हणायचं व्हतं. आन् धाकटा तर तिच्या म्होरं उभा व्हता." त्यांचा आवाज चढला नाही. हात दोन्ही बाजूंना सरळ. नाट्यगृहात डब्यांचा आवाज बंद झाला. मला त्या वाक्यांचा अर्थ लागला नाही, खरं सांगतो. एवढंच कळलं की समोरचा माणूस आता नाटक करत नाही. मी 'परत'वरचा हात उचलला, दुसरा शिक्का घेतला आणि कागदावर 'प्रवेश' मारला. नियम मोडला. तिसऱ्या घंटेपासून बरोबर चाललेला प्रयोग मी असा बेकायदा संपवला आणि पडदा पडला. टाळ्या भरपूर झाल्या.

परीक्षकांनी लेखनाला काही दिलं नाही. चिनी पात्र शेवटी अचानक मराठवाडी बोलतं, भाषेचं भान सुटलं, असा शेरा मारला. अभिनयाचं पहिलं प्रमाणपत्र मात्र उत्तम धोंडीबा कोळेकर यांना मिळालं. ते त्यांनी घेतलं, बघितलं आणि घडी न घालता माझ्या पिशवीत टाकलं. तुमच्याकडंच असू द्या म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी ते लुना घेऊन शहागंजात आले आणि मला मागे बसवून पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्याला घेऊन गेले. तिथं रस्त्याच्या कडेला मेंढरांचा एक मोठा कळप उतरला होता. उत्तमराव त्या धनगरांशी बोलले, एक कोकरू उचलून त्याचे कान पाहिले, खाली सोडलं. मग बांधावर बसून त्यांनी मला सांगितलं. कोळेकरांच्या घरात दोन पोरं. थोरला उत्तम, शाळेत हुशार. धाकटा म्हसू, दुसरीतून काढला आणि मेंढरांमागे लावला. उत्तम दहावी पास झाला, त्याच उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली आणि आठ दिवसांत संपला. तो गेल्यावर तीन आठवड्यांनी त्यानं केलेल्या अर्जावर कंपनीचं पत्र आलं, उत्तम कोळेकर यांनी कामावर हजर व्हावं. बापानं पत्र लोहाराकडून वाचून घेतलं. मग म्हसूला नवा सदरा आणला आणि सांगितलं, जा. आजपासून तूच उत्तम. गावाला ताकीद दिली की गेलेला म्हसू होता. आईलाही तेच सांगितलं. "आई मला उत्तम म्हणून हाक मारायची," ते म्हणाले. "पयल्या पयल्यांदा हाक मारली की तोंड फिरवायची. मंग सवय झाली. मास्तर, तिला तर दोघंबी गेले. एक मेला म्हणून, आन् एक त्याच्या नावानं गेला म्हणून."

मी शाळेतून दाखले लिहून देणारा माणूस. जन्मतारखेतल्या एका आकड्यासाठी पालकांना चार चकरा मारायला लावलेला. दुसऱ्याच्या दाखल्यावर नोकरी म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती जागा कुणा तरी खऱ्या दहावी पासची होती, हे मी तेव्हाही मनात म्हटलं आणि आजही म्हणतो. ते त्यांनाही मान्य होतं. पण सोळा वर्षांचा मेंढक्या, ज्याला धड वाचता येत नाही, तो कंपनीतल्या पाट्यांवरून अक्षरं शिकतो, रोज हजेरीला मेलेल्या भावाच्या नावाला 'हजर' म्हणतो, आणि कधीतरी कोणी खांद्यावर हात ठेवून विचारील या भीतीत दिवस काढतो... हेही मला त्या बांधावर दिसत होतं. "पयल्यांदा काही तरी माझ्या अकलेनं मिळवलं," ते त्या प्रमाणपत्राबद्दल म्हणाले, "तेबी त्याच्याच नावावर गेलं." आणि उठताना, पँटवरची माती झटकत, "पर तुमी मला आत घेतलं."

त्यानंतर आम्ही तो विषय कधी काढला नाही. तीसेक वर्षं. आमच्यात एक सवय मात्र पडली. भेटलो की नमस्कार नाही, सलाम नाही, मी विचारायचो, विहिरीला पायऱ्या किती? ते म्हणायचे, सव्वीस, शेवटची तुटलेली. फोनवर, लग्नात, माझ्या अम्मीच्या दफनाहून परतताना, ईदच्या दिवशी दारात उभं राहून. माझी बायको म्हणायची, तुम दोनो का सलाम बी अजीब है. कागदावर ते अठ्ठावन्नचे झाले तेव्हा कंपनीनं नारळ दिला. खऱ्या वयाची दोन वर्षं शिल्लक होती. "दोन वर्सं भावाला देऊन टाकली," म्हणाले आणि घरामागं दोन शेळ्या बांधल्या. मी त्यांना उत्तमरावच म्हणत राहिलो. म्हसू अशी हाक मारणारी माणसं गावात एकेक करून गेली होती. मी मारू शकलो असतो. चारचौघांत नाही, पण पडेगावच्या बांधावर तरी. मला ते जमलं नाही. का, तर एकदा सवय लागली आणि ती हाक कंपनीतल्या कुणाच्या कानावर पडली तर, असं मी स्वतःला सांगत असे. नंतर ती कंपनीही उरली नाही आणि तरी मी तेच सांगत राहिलो.

शेवटची धड भेट दवाखान्यात झाली. न्यूमोनिया झाला होता, पण बोलत होते. मी खुर्ची ओढली आणि पायऱ्या विचारल्या. उत्तर आलं, थोडं दमलेलं, पण न थांबता. तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. हातावरची पट्टी बघून तिनं नियमाप्रमाणं विचारलं, बाबा, नाव काय तुमचं? "उत्तम धोंडीबा कोळेकर," ते म्हणाले. जागच्या जागी. मग माझ्याकडे बघून जरा हसले. सिस्टर गेल्यावर म्हणाले, "मास्तर, एक प्रश्न राहिला तुमचा."

मला माहीत होतं कुठला. कोरी ओळ मला आठवत होती. पलीकडच्या खाटेवर माणसं होती, मनीषा डबा घेऊन येतच होती. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, उद्या विचारतो. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेलो तर तोंडात नळी होती. मला त्या दिवशी वेळ नव्हता असं काही नाही. मी भ्यालो, एवढंच. त्या माणसानं आयुष्यभर खोटं उत्तर न थांबता दिलं, आणि खरं उत्तर द्यायची त्याची तयारी झाली तेव्हा साहेब खुर्ची सोडून उठला.

दशक्रिया गावाला होती. मी त्या गावाला पहिल्यांदाच गेलो आणि तरी वाट विचारावी लागली नाही. उगवतीला तोंड असलेलं घर, एकच चिंच उरलेली. विहिरीत डोकावून मी पायऱ्या मोजल्या. सतरा दिसल्या, बाकीच्या पाण्यात होत्या. ओढ्याकाठी विधी चालला होता. पिंड ठेवताना गुरुजींनी मयताचं नाव विचारलं आणि जावयानं सांगितलं, उत्तम. तेव्हा बायकांतून सुमनवहिनी म्हणाल्या, "म्हसू म्हणा." गुरुजींना ऐकू गेलं नसावं. त्या उभ्या राहिल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "उत्तमचं नाव घेऊ नका. त्याचं कवाच झालंय. म्हसू धोंडीबा." कुणी तरी त्यांना धरून खाली बसवलं. दुःखानं डोकं ठिकाणावर नाही असं लोक आपसात म्हणाले. मी पुढे होऊन सांगायला हवं होतं की त्यांचं डोकं तिथं सगळ्यांत ठिकाणावर आहे. नाही सांगितलं. गुरुजींनी मात्र एकदा वहिनींकडे बघितलं आणि नाव बदललं.

चार दिवसांनी मनीषा माझ्याकडे आली. ती एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, मुलांचे प्रवेशाचे अर्ज आणि कागदपत्रं तपासते. म्हसू कोण, असं आईला विचारलं तर आई म्हणाली, मास्तरांना विचार, त्यांनी सगळ्यांपुढं विचारलं होतं. बाबांच्या ट्रंकेत सापडलेली शंभर पानी वही आणि पुठ्ठ्याचा एक डबा तिनं माझ्या टेबलावर ठेवला. डब्यात दोन्ही शिक्के होते. मी समजत होतो ते केव्हाच हरवले. मी तिला सगळं सांगितलं, मासिकातल्या लेखापासून बांधावरच्या रविवारपर्यंत. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "काका, माझ्या दहावीपासून सगळ्या कागदांवर मधलं नाव उत्तम आहे. मी त्या काकांचा फोटोसुद्धा बघितलेला नाही."

मग तिनं वही उघडली. अर्ज तपासताना बसत असेल तशी सरळ बसली आणि विचारू लागली. घराचं तोंड? उगवतीला, मी म्हणालो. घरामागं काय? मेंढरांचा वाडा, बाभळीचं कुंपण. तिसरं घर? लोहाराचं. चिंचा? दोन, एक वांझ. पायऱ्या? सव्वीस, शेवटची तुटलेली. मला सगळं पाठ होतं, मलाच नवल वाटलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मनीषानं पानं उलटी चाळत पहिलं पान काढलं, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "नाव काय?"

मी थांबलो. तिनं घाई केली नाही. तीस वर्षं जे माझ्या तोंडून निघालं नव्हतं ते मी म्हणालो, "म्हसू... म्हसू धोंडीबा कोळेकर." एकदा म्हणालो आणि आवाज बरोबर लागला नाही म्हणून पुन्हा म्हणालो.

मनीषानं पर्समधून पेन काढून त्या जागेत नाव लिहिलं. मग डब्यातला शिक्का उचलला, खालची अक्षरं उलटी वाचून बघितली आणि नावाच्या शेजारी दाबला. शाई कधीचीच वाळली होती. काही उमटलं नाही. तिनं उभं राहून, दोन्ही हातांनी, पुन्हा जोर देऊन दाबला. वही माझ्याकडे ठेवून ती गेली. आईला दाखवायला पुन्हा न्यायची आहे, म्हणाली. ती आता माझ्या टेबलावर आहे, प्रमाणपत्राशेजारी. पान उजेडाकडे तिरकं धरलं की नावाच्या बाजूला शिक्क्याचा दाब दिसतो, आणि बोट फिरवलं तर अक्षरं लागतात. प्रवेश.